केदारकंठा ‘सोपा’ आहे, पण कोणत्या वाऱ्यात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत हिवाळी भटकंतीविषयीचा लेख वाचला. उत्तराखंडातील केदारकंठा या शिखराची त्यात ओळख करून दिली असून, लेखासोबतच्या चौकटीत ‘काठिण्य : सोपा, प्रथमच हिमालयात जाणाऱ्यांसाठी योग्य’ असा शेरा छापला आहे. लेखातील वर्णनाबद्दल माझी तक्रार नाही. देवदार आणि ओकचे रान, गोठलेला जुडा का तालाब, माथ्यावरून दिसणारी स्वर्गारोहिणी आणि बंदरपूंछ हे सारे तिथे आहे आणि लेखकाने म्हटले आहे तितकेच देखणे आहे. मला लिहायचे आहे ते चौकटीतील ‘सोपा’ या एका शब्दाविषयी, कारण गेल्या डिसेंबरात याच शब्दावर विसंबून मी माझ्या मुलीसह तिथे गेलो होतो आणि माथा डोळ्यांसमोर असताना परत फिरलो होतो.

ज्यांना या वाटेची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. केदारकंठा उत्तरकाशी जिल्ह्यात, गोविंद पशुविहार राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात आहे आणि त्याची उंची सुमारे ३,८०० मीटर, म्हणजे साडेबारा हजार फूट आहे. डेहराडूनहून मोटारीने दिवसभराचा प्रवास करून सांकरी या गावी पोहोचायचे, तिथून दोन दिवस चालत वरच्या तळावर जायचे आणि तिसऱ्या दिवशी पहाटे अंधारातच माथ्याकडे निघायचे, असा बहुतेक सर्व गटांचा क्रम असतो. वाट मळलेली आहे, दोर लावून चढावे लागेल असा कडा कुठेही नाही आणि हवा शांत असेल तर सह्याद्रीत नियमित फिरणाऱ्या माणसाला पायांची फारशी परीक्षा द्यावी लागत नाही. पुण्या-मुंबईहून नाताळच्या सुट्टीत शेकडो लोक तिथे जातात ते यामुळेच, आणि चौकटीतला ‘सोपा’ हा शब्दही बहुधा यातूनच आला असावा.

आम्ही पहाटे तीन वाजता तळ सोडला तेव्हा तंबूंपाशी वारा जवळजवळ नव्हता. झाडी आहे तोवर बर्फावर बुटांचा आणि मायक्रोस्पाइक्सचा (बर्फावर घसरू नये म्हणून बुटांवर चढवायच्या काट्यांचा) करकर आवाज तेवढा येत होता, आणि एवढ्याशा थंडीसाठी आपण उगाच इतके कपडे चढवले असे मला वाटत होते. झाडी संपून धारेवर पाय ठेवला आणि पाच मिनिटांत सगळे बदलले. डावीकडून येणारा वारा जमिनीवरचा भुसभुशीत बर्फ उचलून तोंडावर मारू लागला, हेडलॅम्पच्या उजेडात त्या हिमधुळीखेरीज काही दिसेना, आणि पुढच्या माणसाच्या पावलांचे ठसे मी तिथे पोहोचेपर्यंत बुजू लागले. शेजारच्या माणसाशी बोलायचे तर कानाशी तोंड नेऊन ओरडावे लागत होते. वाटाड्याच्या पाठपिशवीला अडकवलेला छोटा थर्मामीटर उणे ११ अंश दाखवत होता. हा वाटाड्या सांकरीच्याच परिसरातला होता आणि त्याच्या बोलण्यात कधी घाई नसे. एका खडकाच्या आडोशाला त्याने आम्हा चौदा जणांना थांबवले, दोन-तीन वेळा धारेवर जाऊन आला आणि म्हणाला, “आगे हवा ज़्यादा है, यहीं से वापस.”

माथा तिथून तीनशे-साडेतीनशे फूट वर असेल. पुढे जे घडले ते सांगताना मला संकोच वाटतो. आमच्यातील तिघांनी त्याच्याशी हुज्जत घातली. पैसे भरले आहेत, रजा काढून आलो आहोत, समोर दुसऱ्या गटाचे दिवे वर जाताना दिसत आहेत, मग आम्हालाच का अडवता, असे ते विचारत राहिले. त्या तिघांत मी होतो. वयाची छप्पन्न वर्षे पूर्ण केलेला, सह्याद्रीत तीस वर्षे हिंडलेला माणूस उणे ११ अंशांत एका पंचविशीच्या तरुणाशी पैशाच्या भाषेत बोलत होता, आणि त्या वेळी मला त्यात काही गैर वाटले नाही. तो शांतपणे ऐकत राहिला आणि नंतर मागे वळून उतरू लागला. मग आम्हालाही उतरावेच लागले.

तळावर पोहोचल्यावर गटातील एका तरुणाने हातमोजे काढले. वाटेत फोटो काढण्यासाठी त्याने ते दोन-तीनदा उतरवले होते, त्यामुळे आत बर्फ शिरून लोकर ओली झाली होती. त्याच्या उजव्या हाताच्या तीन बोटांची टोके मेणासारखी पांढरी पडली होती आणि टोचले तरी त्याला कळत नव्हते. कोणी त्यावर बर्फ चोळायला सुचवले, कोणी स्टोव्हजवळ धरायला सांगितले. या दोन्ही गोष्टी करायच्या नसतात. गोठलेली त्वचा चोळल्याने तिची आणखी हानी होते आणि बधिर बोटांना आच लागली तरी समजत नसल्याने ती भाजतात. वाटाड्याने त्या मुलाचे हात स्वतःच्या जॅकेटमध्ये घेऊन काखेत धरले आणि अर्धा तास तसाच बसून राहिला. बोटांत रक्त परत आले तेव्हा तो मुलगा वेदनेने रडला, पण बोटे वाचली. ज्या गटाचे दिवे आम्हाला वर जाताना दिसले होते तो गटही माथ्यावर जाऊन सुखरूप परतला, हे इथे नोंदवले पाहिजे. त्यावरून आमच्या वाटाड्याचा निर्णय चुकला असे मात्र मी म्हणणार नाही. आम्ही आणखी दीड तास त्या धारेवर राहिलो असतो तर त्या तीन बोटांचे काय झाले असते, एवढेच मला पुरे आहे.

परत आल्यावर मी या विषयावर वाचन केले आणि जे समजले ते थोडे आकड्यांत मांडतो, कारण ‘कडाक्याची थंडी’ यासारख्या शब्दांनी कोणाचाच अंदाज सुधारत नाही. थर्मामीटरला वारा कळत नाही. तो उणे ११ दाखवतो तेव्हा वारा असो वा नसो, उणे ११च दाखवतो. शरीराला मात्र वारा कळतो. आपल्या त्वचेलगत उबदार हवेचा एक पातळ थर असतो, वारा तो सतत उडवून नेतो आणि शरीराला तो पुन्हा पुन्हा तापवावा लागतो. या परिणामासाठी हवामानशास्त्रात एक रूढ सूत्र आहे. त्यानुसार उणे १० अंशांत ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या चेहऱ्याला ती थंडी उणे २० अंशांसारखी जाणवते; उणे १५ अंश आणि ताशी ४० किलोमीटर असा मेळ जमला की उणे २७ अंशांसारखी, आणि त्याच्या आसपास उघडी त्वचा अर्ध्या तासात गोठण्याची शक्यता सुरू होते. त्या पहाटेचा वारा मी मोजलेला नाही, पण तो ताशी ४० किलोमीटर धरला तर आम्ही उणे २२ अंशांसारख्या थंडीत उभे राहून हुज्जत घालत होतो. शिवाय वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की शरीरावरचा जोर चौपट होतो. तळाच्या झाडीत जो वारा झुळूक वाटतो तो उघड्या धारेवर, जिथे डोंगरावर चढणारी हवा दाटून वेगाने वाहते, माणसाचा तोल घालवू शकतो. तंबूपाशी उभे राहून वरची हवा ओळखता येत नाही, हा धडा मला तीस वर्षांत मिळाला नव्हता.

तो न मिळण्याचे कारणही सांगण्यासारखे आहे. आपल्याला वारा माहीत नाही असे नाही. पावसाळ्यात कोकणकड्यावर उभा राहिलेला किंवा नाणेघाटात धबधबा उलटा वर उडताना पाहिलेला कोणीही वाऱ्याला कमी लेखणार नाही. पण आपला वारा ओला असला तरी जीवघेणा थंड नसतो. भिजलो तरी आपण चालत राहतो, खाली गावात कोणाच्या तरी ओसरीवर चहा मिळतो आणि कपडे अंगावरच वाळतात. या सवयी आपण हिमालयात तशाच घेऊन जातो. अंगातला सुती टी-शर्ट ही त्यातली सर्वांत घातक सवय आहे. (महाराष्ट्रातील अनेक संस्था सहभागी सदस्यांना आपले बोधचिन्ह छापलेला सुती टी-शर्ट मोठ्या प्रेमाने भेट देतात आणि सदस्य तो माथ्यावर फोटोत दिसावा म्हणून आवर्जून घालतात.) चढताना आलेला घाम सुती कापड धरून ठेवते, मग थांबताच तोच घाम वाऱ्याने गार होतो आणि अंगातली ऊब शोषून घेतो. हिमालयातील अनेक दुर्घटनांत माणसे दरीत पडलेली नसतात. ती थांबलेली असतात.

थांबण्याबद्दल आणखी थोडे लिहिणे आवश्यक आहे, कारण गर्दीच्या शिखरावर ते टाळता येत नाही. माणूस चालत असतो तोवर त्याचे स्नायू उष्णता निर्माण करत असतात. नाताळ आणि नववर्षाच्या दरम्यान केदारकंठ्याच्या शेवटच्या चढावर अक्षरशः रांग लागते. पुढचा घसरला की मागचे वीस जण उभे राहतात, माथ्यावर फोटोसाठी पुन्हा खोळंबतात. त्या उभे राहण्यात शरीराचे तापमान उतरू लागते. ते ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की त्याला वैद्यकीय परिभाषेत हायपोथर्मिया म्हणतात. आधी हुडहुडी भरते, मग बोटांनी साधी चेन लावता येत नाही, पाय अडखळतात, बोलणे जड होते, आणि सर्वांत वाईट म्हणजे निर्णय करण्याची शक्ती जाते. हुडहुडी थांबली की बरे वाटू लागले असा समज होतो, वास्तविक ती धोक्याची पुढची पायरी असते. अशा अवस्थेत काही जण गरम होत असल्याच्या भासाने अंगावरचे कपडे काढून टाकतात, असेही नोंदलेले आहे. परत फिरायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे, असे अनेक जाहिरातींत सुचवलेले असते. पण ज्या मेंदूने ते ठरवायचे तोच आधी गारठतो. म्हणून हा निर्णय तळावर, उबेत, आदल्या संध्याकाळी झालेला असावा लागतो.

हे केवळ माझ्या अनुभवावरून आलेले भय नाही. नेपाळमधील अन्नपूर्णा परिक्रमेच्या वाटेवर ५,४१६ मीटर उंचीची थोरोंग ला ही खिंड आहे. तिथेही दोर लावण्याजोगा कडा नाही आणि ऑक्टोबर हा तिथला सर्वांत लोकप्रिय हंगाम आहे. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी ‘हुदहुद’ चक्रीवादळ विशाखापट्टणमजवळ किनाऱ्यावर धडकले आणि त्याचे अवशेष उत्तरेकडे सरकत दोनच दिवसांत हिमालयावर बर्फ होऊन कोसळले. त्या परिसरातील बर्फवादळात आणि हिमस्खलनांत चाळीसहून अधिक माणसे मरण पावली. वादळाचा मार्ग आपल्या हवामान विभागाने कितीतरी आधी सांगितलेला होता. खिंडीच्या वाटेवर असलेल्या अनेकांपर्यंत मात्र तो पोहोचला नव्हता. ऑक्टोबर २०२१ मध्ये हिमाचल प्रदेशात रोहडूकडून किन्नौरमधील बुरुआ गावाकडे जाणाऱ्या वाटेवर अवकाळी बर्फात महाराष्ट्रातील तिघांचा मृत्यू झाला. जून २०२४ मध्ये, म्हणजे भर उन्हाळ्यात, उत्तरकाशीतील सहस्रताल या वाटेवर खराब हवामानात अडकलेल्या २२ जणांच्या गटातील ९ जण दगावले. या तीनही वाटा पायी चालण्याच्या होत्या.

केदारकंठा या वाटांपेक्षा खूप ठेंगणा आहे, हे मला मान्य आहे, आणि वाचकांना घाबरवणे हा या पत्राचा हेतू नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की काठिण्य हा वाटेचा कायमचा गुण नाही. सह्याद्रीतील वाट एका हंगामात साधारण सारखीच राहते, म्हणून आपल्याकडे ‘सोपा, मध्यम, कठीण’ ही वर्गवारी चालून जाते. हिमालयात भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पाऊस-बर्फ आणणारी वादळी हवा, हिवाळ्यात दर महिन्यात अनेकदा धडकतात, आणि शुक्रवारी सोपी असलेली धार रविवारी कोणासाठीच सोपी राहत नाही. ‘सोपा’ हा शब्द छापताना तो कोणत्या हवेत, हे सांगितले नाही तर वाचक तो सर्व हवांसाठी धरतो. मी तसाच धरला होता.

या शब्दाला पैशाचीही जोड आहे. सहलीची तारीख सहा महिने आधी ठरते, रेल्वे किंवा विमानाचे आरक्षण होते, कार्यालयातून मोजून सहा दिवसांची रजा मिळते आणि कार्यक्रमात राखीव दिवस नसतो. वारा असेल तर एक दिवस तळावर थांबावे, हा अगदी साधा उपाय त्या वेळापत्रकात बसतच नाही. मग माथा त्याच पहाटे गाठायचा किंवा सोडायचा, एवढेच पर्याय उरतात आणि सोडण्याची जबाबदारी त्या पहाटे सर्वांत कमी पैसे मिळवणाऱ्या माणसावर, म्हणजे स्थानिक वाटाड्यावर येते. आमच्या संयोजकांकडे परतल्यावर दोघांनी त्याची लेखी तक्रार केली. त्या तक्रारीवर मी सही केली नाही, पण धारेवर त्याच्याशी मीही वाद घातला होता, हे संयोजकांना कळवण्याचे धैर्य मला पुढे पंधरा दिवसांनी झाले.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणले आणि संयोजकांच्या नोंदणीची पद्धत सुरू केली, ही चांगली गोष्ट आहे. पण नोंदणीपत्रावरून एखाद्या पहाटे वाऱ्यात काय केले जाईल हे समजत नाही. त्यासाठी ग्राहकानेच पैसे भरण्यापूर्वी विचारावे लागेल. हवामान विभागाच्या डेहराडून केंद्राचा अंदाज आणि त्या उंचीवरील वाऱ्याचा अंदाज आदल्या संध्याकाळी गटाला वाचून दाखवला जाणार आहे का? माथा गाठलेला असो वा नसो, घड्याळाच्या कोणत्या ठोक्याला परत फिरायचे आणि वाऱ्यामुळे परत फिरण्याचा शब्द कोणाचा अंतिम असेल, हे लेखी मिळेल का? आणि कार्यक्रमात हवेसाठी राखलेला एक दिवस आहे का, नसल्यास का नाही? या प्रश्नांची उत्तरे देणारे संयोजक आहेत. त्यांची सहल थोडी महाग असते आणि तिच्या जाहिरातीत ‘माथ्याची हमी’ नसते.

आपल्याकडे माझी विनंती त्याहून लहान आहे. पुरवणीतील अशा लेखांच्या चौकटीत उंची, अंतर, खर्च आणि काठिण्य यांच्यासोबत आणखी दोन ओळी छापाव्यात : त्या महिन्यात माथ्यावर पहाटे तापमान व वारा साधारण किती असतो, आणि कोणत्या हवेत तिथे जाऊ नये. प्रत्येक लेखकाला हे ठाऊक असेलच असे नाही, पण त्या भागातील कोणत्याही अनुभवी वाटाड्याला विचारले तर तो सांगेल. जागेची अडचण असेल तर ‘काठिण्य’ हा रकानाच वगळावा. अर्धवट माहितीपेक्षा रिकामी जागा परवडते. छायाचित्रांबाबतही हेच सुचवावेसे वाटते. निळ्या आकाशाखाली हात पसरून उभ्या असलेल्या माणसाचे छायाचित्र दर वर्षी छापले जाते. ज्या सकाळी कोणी माथ्यावर गेलेच नाही, त्या सकाळी तळावर बसलेल्या गटाचे छायाचित्र एखाद्या वर्षी छापून पाहावे. तशी छायाचित्रे माझ्याकडे आहेत आणि हवी असल्यास मी ती पाठवीन. त्यात आम्ही सगळे चिडलेले दिसतो.

येत्या डिसेंबरात मी आणि माझी मुलगी पुन्हा केदारकंठ्याला जात आहोत. या वेळी आठ दिवसांची रजा घेतली आहे, जाडजूड माकडटोपी आणि हातमोज्यांचे दोन जोड घेतले आहेत, आणि वाटाड्या तोच मिळावा अशी विनंती केली आहे. नव्या संयोजकांना वरील प्रश्न लेखी पाठवले होते. अंदाज वाचून दाखवू आणि राखीव दिवसही ठेवू, असे त्यांनी कळवले आहे. परत फिरण्याच्या वेळेविषयीचे उत्तर अद्याप आलेले नाही, ते येईपर्यंत उरलेली अर्धी रक्कम भरलेली नाही.

आपला,
एक वाचक, चिंचवड (पुणे)